दोन बोटांची फट

मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. घराचा नव्हे, कारखान्याचा नव्हे, किल्ल्याचा तर मुळीच नव्हे. घरामागच्या पोहण्याच्या तलावाभोवती जे कुंपण असतं ना, त्या कुंपणातला मी दरवाजा. मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांची नजर माझ्यावरून गेली असेल, पण ती थांबली नसेल. सगळे माझ्या गजांमधून पलीकडच्या निळ्या पाण्याकडे बघतात. मला त्याचा राग नाही. माझ्याकडे कुणी बघावं म्हणून मला घडवलेलंच नाही. मला घडवलंय ते बंद राहण्यासाठी.

एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. मला जोडणारी वेल्डर बाई उंच, हाडकुळी आणि अबोल होती. त्या वर्षी तिच्याकडे माझ्यासारख्या दरवाजांची रीघ लागली होती, कारण नगरपालिकेने नवा नियम काढला होता. ज्यांच्या घरी पोहण्याचा तलाव आहे, त्यांनी त्याला चारही बाजूंनी कुंपण घातलंच पाहिजे. गिऱ्हाइकं कुरकुरत यायची. कुणी म्हणे, तलावाची सगळी शोभा जाणार. कुणी म्हणे, आमच्याकडे तर लहान मूल नाहीच. वेल्डर बाई ऐकून घ्यायची आणि मापं लिहायला लागायची. एकदाच ती एका गिऱ्हाइकाला म्हणाली, "तुमच्याकडे नसेल. शेजाऱ्यांकडे आहे ना? पाहुण्यांकडे असेल. पाणी काय विचारून घेतं का, हे मूल कुणाचं म्हणून?"

तिने माझे गज उभे लावले. मधे एकही आडवी पट्टी ठेवली नाही, कारण आडव्या पट्टीवर पाय देऊन मूल चढतं. दोन गजांमधून लाकडाचा एक ठोकळा जातो का, हे तिने पुन्हा पुन्हा घालून पाहिलं. तो अडकला तेव्हाच तिचं समाधान झालं. माझ्या बिजागऱ्यांमध्ये तिने जाड स्प्रिंग बसवली, म्हणजे मला कुणी कितीही उघडलं आणि सोडून दिलं, तरी मी आपला आपण मागे यावं. मी पाण्याच्या दिशेने उघडणार नाही, बाहेरच्या बाजूलाच उघडणार, अशी तिने मला बसवण्याची सोय केली. म्हणजे मूल अंगाने टेकलं तरी मी आणखी घट्ट बसेन. आणि सगळ्यात शेवटी खटका. तो तिने माझ्या अगदी माथ्यावर बसवला. त्याची काळी मूठ वर ओढली तरच मी उघडणार. मोठ्या माणसाने खांद्याच्या वर हात नेला की मूठ हाताला लागते. लहान मुलाने टाचा उंचावून, उड्या मारून, रडून आकांत केला तरी लागत नाही.

स्प्रिंग लावून झाल्यावर तिने मला उघडलं आणि सोडून दिलं. मी सर्रकन गेलो आणि चौकटीवर आदळलो. खाड! खटका बसला. वेल्डर बाईने मान हलवली. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

ज्या घरी मी गेलो, तिथले बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर उंच इमारतींमध्ये चढउतार करून ते घरी यायचे आणि अंगावरच्या ग्रीसच्या डागांसकट आधी तलावाच्या काठावर पाय सोडून बसायचे. आई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. तिने पहिल्याच दिवशी मला 'तुरुंगाचं दार' असं नाव ठेवलं. बाबा हसून म्हणाले की मग आपण आतले की बाहेरचे, ते ठरवायला हवं. मला मात्र वाटलं की नाव काही का ठेवेनात, कामाला आपण कमी पडायचं नाही.

मग त्या घरात एक मुलगी जन्माला आली. रांगायला लागली तीच गोल गोल रांगायला लागली, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणू लागले. मित्रांनो, तिचं रांगणं सुरू झालं आणि मला माझ्या जन्माचा अर्थ कळला. ती रोज माझ्याकडे यायची. माझे गज धरून उभी राहायची, त्यांना चाटायची, कपाळ टेकून पाण्याकडे बघायची. मग मला गदागदा हलवायची. मी हलायचो नाही. ती चिडून माझ्यावर थापा मारायची आणि थोड्या वेळाने कंटाळून दुसऱ्या उद्योगाला लागायची. तिच्या त्या इवल्या थापा मला शाबासकीसारख्याच वाटायच्या.

एकदा घरी बरेच पाहुणे आले होते. त्यांच्यातला एक जण टॉवेल घ्यायला धावत बाहेर गेला आणि मला तसंच सताड सोडून गेला. भिंगरी तेव्हा दुडुदुडु चालायला लागली होती. ती माझ्याच रोखाने येत होती आणि मोठ्यांपैकी कुणाचंच तिच्याकडे लक्ष नव्हतं. मी स्प्रिंगच्या जोरावर मागे आलो आणि तिच्या नाकासमोर बंद झालो. तो आवाज ऐकून बाबांनी वळून पाहिलं. त्यांच्या हातातली बशी तशीच राहिली. ते सावकाश आले, मुलीला उचलून कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने माझी मूठ घट्ट धरून बराच वेळ उभे राहिले. पाहुण्यांना ते म्हणाले, "या पठ्ठ्याच्या जिवावर आम्ही निवांत असतो."

आई आणि बाबा तिला सारखं एकच शिकवायचे: आत गेलं की दार लावायचं, बाहेर आलं की दार लावायचं. फ्रीजचं, कपाटाचं, माझं, सगळ्यांचं. ती फार गुणाची पोर होती. तिला 'दार लाव' म्हटलं की ती दोन्ही हातांनी, सगळं अंग लावून, जिभेचं टोक बाहेर काढून दार लावायची.

त्यानंतर त्या घरी आत्या राहायला आली. ती बाबांची मोठी बहीण. बाबांना ती अजूनही 'छोट्या' म्हणायची. तिच्या छातीच्या दोन्ही बाजूंना मोठी शस्त्रक्रिया झाली होती. त्याआधी बरेच महिने तिने कडक औषधं सोसली होती. तिला जेवण जात नव्हतं, केस गेले होते, आणि आवाज अजिबात सहन होत नव्हता. भांडं पडलं तरी ती दोन्ही हातांनी कान झाकायची. तिची खोली तलावाच्या बाजूला होती, खिडकी माझ्यासमोर.

सकाळी ती माझ्यापाशी यायची. तिला हात वर नेण्याचा व्यायाम सांगितला होता. ती माझ्या गजावर बोटं टेकवायची आणि मुंगी चढावी तशी एकेक बोट वर सरकवत न्यायची. खांद्याच्या थोडं वर गेलं की तिचा चेहरा पांढरा पडायचा. ती तिथेच थांबायची, श्वास घ्यायची आणि पुन्हा खाली यायची. भिंगरी शेजारी उभी राहून खालच्या बाजूला तिची नक्कल करायची. आत्या हसायची. म्हणायची, "तू माझ्या पुढे जाशील गं. मी इथेच राहणार बहुतेक." खरंच, कुठल्याच हाताची बोटं माझ्या खटक्यापर्यंत पोचत नव्हती. तलावापाशी जायचं झालं तर माझी मूठ तिच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी ओढावी लागायची.

आणि माझा आवाज तिला असह्य व्हायचा. मी बंद झालो की तो 'खाड' तिच्या डोक्यात खिळ्यासारखा जायचा. ती कधी तक्रार करत नव्हती. पण एका दुपारी बाबांनी तिला उशीत तोंड खुपसून रडताना पाहिलं. त्यांनी कारण विचारलं. ती काही नाही म्हणाली. तेवढ्यात आई तलावातून बाहेर आली, मी बंद झालो, आणि आत्याचं सगळं अंग दचकलं. बाबांना काय ते समजलं.

ते पाना घेऊन आले आणि त्यांनी माझी स्प्रिंग ढिली केली.

मित्रांनो, हे त्यांनी आळसाने केलं नाही, बेफिकिरीनेही नाही. लहानपणी त्यांना ताप आला की कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत जी बहीण बसायची, तिच्यासाठी त्यांनी ते केलं. म्हणून तर मला ते इतकं भयंकर वाटतं. वाईट माणसाने केलं असतं तर मला त्याचा राग तरी करता आला असता.

त्या दिवसापासून मी सावकाश, लाडात आल्यासारखा मागे यायचो आणि चौकटीपासून दोन बोटांवर थांबायचो. दोन बोटांची फट. लांबून बघणाऱ्याला मी बंदच वाटायचो. जाणारे-येणारे आठवणीने मला हाताने दाबून खटका बसवायचे, तोही अलगद. पहिले काही आठवडे अगदी आठवणीने. मग कधी आठवणीने, कधी नाही. हात ओले असायचे, फोन वाजत असायचा, कुकरची शिट्टी होत असायची. वारा आला की मी त्या दोन बोटांत पुढेमागे व्हायचो. प्रत्येक वेळी वाटायचं, आता जरा जोरात ये रे वाऱ्या, म्हणजे मी बसेन. वारा काही माझ्या नोकरीला नव्हता.

नगरपालिकेतून तपासणीला एक बाई आल्या. शांत होत्या, बुटक्या होत्या, गळ्यात ओळखपत्र आणि पायात मळके बूट. त्यांनी मला पूर्ण उघडून सोडलं. मी फटीवर थांबलो. अर्धा उघडून सोडलं. तिथेच थांबलो. अगदी थोडासा उघडून सोडलं, तर मी हललोच नाही. माझ्यातलं लोखंड शरमेने तापलं होतं म्हणा ना. बाबांनी त्यांना बहिणीची हकिगत सांगितली. बाईंनी ती नीट ऐकून घेतली. मग म्हणाल्या की आवाजाचाच प्रश्न असेल तर चौकटीवर, मी जिथे आदळतो तिथे, रबराचा तुकडा चिकटवा. आवाज मऊ होईल. स्प्रिंगला मात्र हात लावू नका. कुंपणाला टेकून जो बाक ठेवला होता तोही त्यांनी लांब हलवायला सांगितला, कारण बाकावर चढून मूल कुंपण ओलांडू शकतं.

बाबा त्या दिवशी वैतागलेले होते. ते म्हणाले, "बाई, लिफ्टचं दार पूर्ण लागल्याशिवाय लिफ्ट जागची हलत नाही. हे मी रोज बघतो. मला दारं नका शिकवू."

बाईंचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला तर माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. लिफ्टचं दार ढिलं ठेवून तुम्ही लोकांना सांगता का, की हाताने दाबा म्हणून?"

बाबांनी बाक हलवला. स्प्रिंग पुन्हा आवळली. बाई काही दिवसांनी परत आल्या, मी त्यांच्यापुढे तीनही वेळा दणक्यात बंद झालो, आणि त्या समाधानाने गेल्या. मला वाटलं, सुटलो. पण त्या दिवशी आत्याला मळमळ आणि डोकेदुखीने नुसतं हैराण केलं होतं. संध्याकाळ व्हायच्या आत बाबा पाना घेऊन पुन्हा आले. आईने स्वयंपाकघरातून विचारलं की रबर आणलं का. ते म्हणाले, "रविवारी आणतो. तोवर राहू दे असंच."

रविवार आला. त्या रविवारी लिफ्ट अडकल्याचा फोन आला. पुढच्या रविवारी पाऊस होता. रबराचा एवढासा तुकडा, तुमच्या खोडरबराएवढा. तो आणायचं राहूनच गेलं.

आता जे झालं ते सांगतो. सांगताना आजही माझ्या बिजागऱ्या कुरकुरतात.

दुपारची वेळ होती. आई दुकानात होती. बाबांची सुट्टी होती आणि ते न्हाणीघरात भिंतीला भोकं पाडत होते. ड्रिलचा आवाज घरभर घुमत होता, म्हणून आत्याने कानात कापूस घातला होता आणि खिडकी लावून ती पडली होती. बाबांना वाटलं, भिंगरी आत्याजवळ आहे. आत्याला वाटलं, ती बाबांजवळ आहे. दोघांचंही चुकलं नव्हतं म्हणावं तर भिंगरी एकटी अंगणात होती.

तिच्या हातात तिची छोटी लाल झारी होती. झाडांना पाणी घालायचा तिला नाद होता. झारीत पाणी नव्हतं. तिने नळापाशी जाऊन पाहिलं. नळ घट्ट होता. मग ती वळली आणि माझ्याकडे आली.

मी फटीवर उभा होतो. ती आली. तिने माझ्या गजाला धरलं आणि ओढलं. रोज ओढायची तसंच. आणि मी उघडलो.

तिलाही नवल वाटलं असावं. ती क्षणभर थांबली. मी सगळी ताकद लावली, मित्रांनो. पण माझी ताकद म्हणजे ती स्प्रिंग, आणि स्प्रिंग ढिली होती. ती आत शिरली. आणि मग आत गेल्यावर ती वळली, झारी खाली ठेवली, दोन्ही हातांनी माझे गज धरले, जिभेचं टोक बाहेर काढलं आणि मला सगळ्या अंगाने ओढून लावून घेतलं. तिला तसंच शिकवलं होतं. खटका बसला. अगदी अलगद, आवाज न करता.

इतके आठवडे ज्या खटक्यासाठी मी तळमळत होतो तो आता बसला होता, आणि ती आतल्या बाजूला होती.

ती काठावर गेली. खाली वाकली. झारी पाण्यात बुडवली. झारी भरली, जड झाली, आणि तिने ती सोडली नाही.

मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. पाण्यात पडलेलं मूल ओरडतं, हात मारतं, असं तुम्हाला वाटत असेल. तसं होत नाही. लाल झारी वर आली आणि तरंगू लागली. न्हाणीघरातलं ड्रिल चालूच होतं.

आत्या पाणी प्यायला उठली म्हणून खिडकीशी आली. एवढीच आमची नशिबाची गोष्ट. तिने झारी पाहिली, झारीपलीकडे फ्रॉकचा पिवळा रंग पाहिला, आणि ती अनवाणी धावत आली. कित्येक महिने भिंत धरून चालणारी बाई धावत आली. तिने मला ओढलं.

मी बंद होतो.

ती 'छोट्या, छोट्या' म्हणून हाका मारत होती, पण तिचा आवाज पूर्वीच क्षीण झाला होता, आणि आत ड्रिल. चढायला काही मिळतं का, ते तिने पाहिलं. बाक लांब नेलेला होता, आणि तो उचलणं तिच्या हातांच्या शक्तीबाहेरचं होतं. तिने माझ्या गजावर बोटं टेकवली आणि मुंगीसारखी वर नेली. खांद्यापर्यंत. खांद्याच्या थोडं वर. तिथे हात थांबला, रोज थांबायचा तिथेच. दुसऱ्या हाताने पाहिलं. तोही थांबला. माझी मूठ तिच्या बोटांच्या अगदी वर होती.

जन्मभर मी एकच गोष्ट मागत आलो होतो: मला बंद राहू दे. त्या क्षणी मी लोखंडाच्या कणाकणाने म्हणत होतो, उघडू दे, मला उघडू दे, एकदाच. पण वेल्डर बाईने मला चांगलं घडवलं होतं. मी बाहेरून हलत नव्हतो, आतून हलत नव्हतो. माझ्या एका बाजूला पिवळा फ्रॉक खाली खाली चालला होता आणि दुसऱ्या बाजूला एक आजारी बाई माझ्यावर कपाळ आपटत होती.

मग तिने कपाळ आपटणं थांबवलं. डोळे मिटले. उजव्या हाताचं कोपर डाव्या हाताने खालून धरलं आणि दुसऱ्या कुणाचा हात उचलावा तसा तो हात तिने वर लोटला. तिच्या काखेत काहीतरी फाटलं, त्याचा बारीकसा आवाज मला ऐकू आला. तिच्या झग्यावर लाल डाग पसरला. बोटं मुठीला लागली, निसटली, पुन्हा लागली. तिने मूठ वर ओढली.

मी उघडलो. मित्रांनो, इतक्या जोरात मी कधीच उघडलो नव्हतो.

ती झग्यासकट पाण्यात उतरली. मुलीला तिने छातीशी धरलं नाही, तिला ते जमणारच नव्हतं. फ्रॉक दातांत आणि मुठीत धरून तिने तिला पायऱ्यांपर्यंत ओढत आणलं. तेवढ्यात ड्रिल थांबलं. बाबा दारात आले. त्यांच्या अंगावर सिमेंटची पांढरी पूड होती. ते धावत आले आणि मुलीला आडवी करून तिच्या तोंडात श्वास भरू लागले, छाती दाबू लागले. त्यांच्या कामावर ते शिकवलेलं होतं. मुलीचे ओठ निळे होते. बाबा मोजत होते आणि मोजता मोजता चुकत होते. आत्या पायरीवर पाण्यातच बसून होती आणि एकच वाक्य म्हणत होती, "थांबू नकोस छोट्या. थांबू नकोस."

शेवटी भिंगरीच्या तोंडातून पाणी आलं आणि कण्हल्यासारखं काहीतरी आलं. मग गाडी आली, माणसं आली, स्ट्रेचर माझ्यातून आत गेलं आणि बाहेर आलं. दोन स्ट्रेचर. मला कुणी लावलं नाही. मी सताड उघडाच राहिलो.

त्यानंतरचे दिवस मला सांगता येत नाहीत. घरात माणूस नव्हतं. दरवाजाला कुठे जाता येत नाही आणि दरवाजाला कुणी काही कळवत नाही. ती जगली की नाही, मला माहीत नव्हतं. झारी काठाशी लागायची आणि पुन्हा मधे जायची. मी तिच्याकडे बघत राहायचो. एकदा शेजारच्या काकू झाडांना पाणी घालायला आल्या. त्या माझ्यापाशी थांबल्या, पदराने डोळे पुसले आणि निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. बरेच दिवस मी तसंच समजून चाललो.

पण ती आली. आईच्या कडेवर बसून आली. तिचं गोल गोल फिरणं थांबलं होतं. तिचे शब्द गेले होते. झारी, दार, आत्या, सगळे. पाण्याखाली जो वेळ गेला, त्याने ते नेले होते, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणे. येतील, कदाचित, सगळे नाहीत, कदाचित. आत्याला दुसऱ्यांदा टाके घालावे लागले होते. तिचा उजवा हात आता पोटाशी बांधलेला असायचा.

एका सकाळी बाबा माझ्यापाशी उभे होते आणि आत्या बाकावर बसली होती. बाबा खाली बघत म्हणाले, "ताई, तुला त्रास होत होता म्हणून मी..."

"ते माझ्यावर टाकू नकोस, छोट्या." आत्या अगदी हळू बोलली. "मला आवाज सोसला असता. विचारलं असतंस, तर मीच म्हटलं असतं की आवळ अजून."

बाबा माझ्याकडे वळले. त्यांनी माझ्या गजांना धरलं आणि ते रडले. मला त्यांना धरता आलं नाही. मग त्यांनी डोळे पुसले, पाना आणला आणि माझी स्प्रिंग पूर्वीसारखी घट्ट आवळली. मी खाड करून बंद झालो. आत्या दचकली, पण तिने कान झाकले नाहीत.

तपासणीच्या बाई पुन्हा आल्या. बाबांनी त्यांना काहीही न लपवता सांगितलं की तुम्ही गेल्यावर त्याच दिवशी मी स्प्रिंग पुन्हा ढिली केली होती. बाईंनी विचारलं की मुलगी आता उभी राहते का. धरून राहते, असं बाबा म्हणाले. बाईंनी मान हलवली आणि जाताना मला तीन वेळा उघडून सोडून पाहिलं. मी तीनही वेळा लागलो. त्याचा आता काय उपयोग, असं माझ्या मनात आलं, पण लागणं माझं काम होतं.

आईला मात्र तो तलाव डोळ्यांसमोर नको झाला होता. ती माझ्याकडे बघतही नव्हती. शेवटी तलाव मातीने भरायचा ठरला. ट्रक आले, माती पडली, निळं पाणी तपकिरी झालं आणि मग नाहीसं झालं. कुंपण काढायला माणसं आली. त्यांनी मला बिजागऱ्यांमधून उचलून भिंतीला टेकवून ठेवलं. भिंगरी आत्याचं बोट धरून उभी होती. मी जिथे होतो त्या मोकळ्या जागेकडे ती बघत होती. तिने तोंड उघडलं आणि एक आवाज काढला. तो शब्द होता की नुसता आवाज, हे कुणालाच ठरवता आलं नाही. आत्या खाली वाकून तिला पुन्हा पुन्हा विचारत होती, "काय गं? काय म्हणालीस? म्हण ना पुन्हा." तेवढ्यात मला टेम्पोत टाकलं. ती पुन्हा म्हणाली का, ते मला कधीच कळलं नाही.

जुन्या लोखंडाच्या दुकानात मी कित्येक दिवस पडून होतो. मग मला कुणीतरी विकत घेतलं, घासलं, हिरवा रंग दिला, नवी स्प्रिंग घातली. आता मी दुसऱ्या एका घरी, दुसऱ्या एका तलावापाशी उभा आहे. इथले आजी-आजोबा प्रेमळ आहेत. माझा पूर्वेतिहास त्यांना ठाऊक नाही. लोखंडावर रंग चढला की आतलं काही दिसत नाही.

आज त्यांच्याकडे मुलगी, जावई आणि सगळं गोकुळ आलंय. तलावाच्या काठी जेवायचं ठरलंय. आजोबा खुर्च्या आणताहेत, ताटं नेताहेत, त्यांचे दोन्ही हात भरलेले आहेत आणि मी सारखा त्यांच्या पाठीवर येऊन लागतोय. मघाशी ते चिडले. म्हणाले, "काय कटकट आहे, पाच मिनिटं गप्प उभा राहा की." आणि त्यांनी मला सताड उघडून, मी मागे येऊ नये म्हणून माझ्यापुढे एक खुर्ची लावली. लाकडाची, जड खुर्ची. त्यांच्या मनात काही वाईट नाही. त्यांना सगळ्यांना जेवायला वाढायचंय.

आता सगळे घरात गेलेत. स्वयंपाकघरातून हसण्याचे आवाज येताहेत. कुणीतरी पेले मोजतंय. अंगणात उघडणारं काचेचं दार अर्धं उघडं आहे. नुकतंच चालायला शिकलेलं त्यांचं नातवंड उंबऱ्यावर आलंय. एका हाताने दार धरून ते उभं आहे आणि माझ्याकडे बघतंय. माझ्याकडे नाही. माझ्यातून पलीकडे, पाण्याकडे.

मित्रांनो, माझी स्प्रिंग नवी आहे. माझा खटका तेल घातलेला आहे. मी जुना असलो तरी माझ्यात कसलीही कमी नाही. फक्त ही खुर्ची मला हलवता येत नाही. तुमच्यापैकी कुणीही जवळपास असेल, तर आधी पळत या. मोठ्यांना बोलवायला, विचारायला थांबू नका. रागावतील तर रागावू देत. तेवढी खुर्ची बाजूला करा.

बाकीचं माझं मी करीन.